टिलीची मागची सीट

१

क्लाइव्ह पार्डोच्या आयुष्यातला शेवटचा साधा रविवार इतका साधा होता, की पुढं तो आठवताना हेस्टरला फार खणावं लागलं.

दुपारी एकला ती आली. भाजलेलं मटण, बटाटे, पुदिन्याचा सॉस. जेवण झाल्यावर त्यानं भांडी धुतली, तिनं पुसली. त्यानं आपल्यासाठी नेहमीसारखा डांबरासारखा काळा चहा केला.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?" हेस्टरनं विचारलं.

"डॉक्टर स्वतः काय पितो ते मला माहितीय. चाळीस वर्षं त्याच्या गल्लीत कवळ्या केल्यात मी." मग जरा थांबून तो म्हणाला, "तो तुझा फुलांचा चहा मात्र संपला बरं का. अजून दोन डबे आण. फार कामाचा आहे."

हेस्टरला बरं वाटलं. जाळीच्या पुड्यांमधला तो महागाचा कॅमोमाइल ती दर महिन्याला आणायची आणि तो फडताळात पडून राहत असणार अशी तिची खात्री होती.

निघताना ती कोट घालत होती तेव्हा तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा होता. "वर येतेस पाच मिनिटं? टिली झालीच आहे जवळजवळ. एकच काम राहिलंय."

"पुढच्या रविवारी, डॅड. उद्या सूची द्यायचीय. चारशे पानांचं पुस्तक आहे."

"कशावरचं?"

"कालव्यांवरचं."

"मग टिली थांबेल," तो म्हणाला. "तिला कुठं जायचंय?"

आग्रह करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. वरच्या त्या खोलीत तीस वर्षं तो प्लास्टिकच्या छोट्या गाड्या जोडत आला होता, टिली त्यातलीच एक, आणि हेस्टर त्या जिन्याच्या तेरा पायऱ्या शेवटच्या कधी चढली होती हे दोघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं.

बुधवारी सकाळी औषधांच्या दुकानात आपला नंबर येईपर्यंत तो खुर्चीवर बसला. दुकानदाराला वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली.

२

दफनानंतर घरी चहा ठेवला होता. क्लाइव्हच्या मॉडेल क्लबातली तीन माणसं आली होती आणि तिघंही एकेक करून वर जाऊन त्याचं टेबल शेवटचं बघून आली.

डेस्मंड ट्रँटर क्लबचा अध्यक्ष. ताठ, काटेकोर, दुसऱ्याच्या मॉडेलवरचे खिळे मोजणारा. तो वर पाव तास होता आणि खाली आला तेव्हा कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हता.

इडवल प्राइस वेल्शमन, मॉडेलांच्या सुट्या भागांची जुनी किटं विकत घेऊन विकणारा. त्याच्या खांद्याला भलीमोठी पिशवी होती आणि ती त्यानं चहा पितानाही खाली ठेवली नाही.

तिसरी बेरिल ओक्स, सत्तरीची, क्लबातली एकुलती एक बाई. पुट्टीतून बोटभर माणसं घडवायची आणि बाकीचे त्यांना आपल्या गाड्यांत बसवायचे. ती पत्र्याच्या डब्यातून लिंबाचा केक घेऊन आली होती.

स्वयंपाकघरात इडवलनं हेस्टरला हळूच विचारलं, "वरच्या सामानाचं काय करणार आहेस, पोरी?"

हेस्टर सकाळपासून रडली नव्हती आणि आता रडायचा तिचा विचार नव्हता. "सगळं घेऊन जा," ती म्हणाली. "मला त्यातलं काही नको."

बेरिल तिथंच केक कापत होती. तिची सुरी क्षणभर थांबली.

"आज नको," इडवल म्हणाला. "माती अजून ओली आहे. आणि इतकी घाई मीसुद्धा करत नाही, लोक काहीही म्हणोत."

दोन आठवड्यांनी हेस्टर घर आवरायला आली. स्वयंपाकघरात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे चार डबे परत द्यायचे होते, प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं. लिंबाचा अर्ध्याहून जास्त उरलेला केक निळ्या बशीत, फॉइलखाली दगड झाला होता. तो तिनं टाकला, बशी धुतली आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ती जिना चढली.

खोलीत टर्पेंटाइनचा वास होता. टेबलावर दिवा, भिंग, कवळ्यांच्या कामातली हत्यारं, आणि मधोमध आइस्क्रीमचा रिकामा टब उपडा घातलेला. त्यावर तिच्या वडिलांच्या अक्षरात चिठ्ठी: टिली. हात लावू नये.

हेस्टरनं टब उचलला. खाली हिरव्या चटईवर चिखलाच्या रंगाच्या भुकटीचे चार ठिपके होते, चार चाकं जिथं टेकली होती तिथं.

टिली नव्हती.

३

हेस्टरचा धंदा पुस्तकांच्या शेवटी छापतात त्या सूची करण्याचा. कुठलं नाव कुठल्या पानावर आहे हे शोधता शोधता कुठलं नाव कुठंच नाही हे आपोआप कळायला लागतं. लेखकाच्या बायकोचं नाव ऋणनिर्देशात नसलं की ते सगळ्यात आधी हेस्टरच्या ध्यानात यायचं.

तिनं चटईसमोर बसून विचार केला. वडिलांनी शेवटी हातांनी केलेली एक गोष्ट या घरातून गेली होती आणि ती दिसायला कशी होती हे तिला ठाऊक नव्हतं. उद्या कुणी ती तिच्या नाकासमोर धरली असती तरी तिला ओळखता आली नसती. पाच मिनिटांचं काम होतं. तेवढी पाच मिनिटं तिनं दिली नव्हती.

"शोधणार," ती मोठ्यानं म्हणाली आणि आपलाच आवाज ऐकून दचकली.

तिनं तिघांनाही फोन केले. डेस्मंड म्हणाला, "अशक्य." इडवल म्हणाला, "माझ्यावर संशय येणार, ते मला माहीतच होतं."

बेरिलला तिनं विचारलं, "टिली नेताना तुम्ही कुणाला पाहिलंत का?"

"नाही गं. कुणालाही पाहिलं नाही मी." मग पलीकडून जरा वेळानं, "पण तुला ती कशाला हवीय?"

हेस्टरच्या तोंडून जे तयार होतं तेच आलं. "घरातल्या वस्तूंची यादी करतेय. ती पूर्ण व्हायला हवी."

"असं होय," बेरिल म्हणाली. तिच्या आवाजातलं काहीतरी खाली बसल्यासारखं झालं. "मग कर यादी."

४

डेस्मंडच्या बैठकीत काचेच्या कपाटात शंभर रणगाडे रांगेत उभे होते आणि बसायला एकच खुर्ची होती. ती त्यानं हेस्टरला दिली.

"सुरुवातीपासून सांगा," हेस्टर म्हणाली. "मला काहीच माहीत नाही असं समजा."

"समजायला कशाला हवं?" डेस्मंड म्हणाला. मग ओशाळला. "बरं. यंदा मी ठरवलं, सगळ्यांनी एकच किट घ्यायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षीची चार दारांची ऑस्टिन. घरगुती गाडी. लढाई लागली तेव्हा सैन्याला लहान गाड्या कमी पडल्या, तर अशा गाड्या घेतल्या, पाठ कापली, मागं फळ्यांचा हौदा बसवला, वर ताडपत्री. स्टेपनी टपावर. त्यालाच शिपाई टिली म्हणायचे. किट मिळतं ते घरगुती गाडीचं, टिली ज्यानं त्यानं आपल्या हातानं करायची. मी, इडवल, बेरिल आणि क्लाइव्ह, चार टिली. शनिवारी चॅपलच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे. तिथं चारही शेजारी शेजारी ठेवायच्या होत्या."

"डॅडची तुम्ही पाहिली होती?"

"सप्टेंबरच्या सभेत. ताडपत्री चढायची होती. अप्रतिम काम. मागच्या आसाचा गोळासुद्धा पांढरा रंगवलेला, काळोखात मागच्या गाडीला दिसावा म्हणून रंगवायचे तसा. खाली आरसा धरल्याशिवाय तो कुणाला दिसणार नाही. तरी रंगवला." डेस्मंडनं चष्मा काढून पुसला. "पण दोन चुका होत्या. मी तोंडावर सांगितल्या."

"कुठल्या?"

उत्तर न देता त्यानं खणातून एक तंबाखूचा डबा काढला. "आमच्यात कुणी उरलेलं टाकत नाही. आज निरुपयोगी ते दहा वर्षांनी कामाला येतं. क्लाइव्हचाही असाच डबा असेल. तो बघ. किटाच्या कागदावर प्रत्येक भागाचा आकडा असतो. जे डब्यात उरलंय ते गाडीत नाही, जे उरलेलं नाही ते गाडीत आहे. यादी करता येते ना तुला?"

हेस्टर जवळजवळ हसली. "जाताजाता एक विचारते. त्या दिवशी तुम्ही वर पाव तास काय करत होतात?"

डेस्मंडचे कान लाल झाले. "ब्रश धूत होतो," तो म्हणाला.

"काय?"

"त्याचे ब्रश. टर्पेंटाइनमध्ये उभे राहिले होते. तसेच राहिले तर केस वाकतात, कायमचे. क्लाइव्हनं असं कधीच ठेवलं नसतं. त्याला तासाभरात यायचंच होतं ना घरी, म्हणून..." तो कपाटाकडे तोंड करून उभा राहिला. "टब उचलून टिली पाहिली आणि परत झाकली. तेव्हा होती. माझ्यानंतर दोघं गेले. याहून जास्त मला माहीत नाही."

हेस्टर घरी गेली आणि वडिलांच्या टेबलावर किटाचा कागद पसरला. सुटे भाग ज्या चौकटीला डहाळीच्या कैऱ्यांसारखे लटकलेले येतात, त्या रिकाम्या चौकटी त्यानं दोऱ्यानं बांधून ठेवल्या होत्या. शेजारच्या डब्यात उरलेलं. तिनं एकेक भाग चिमट्यानं उचलून आकड्यापुढं खूण केली. मागची दोन दारं, होती. टपाचा कापलेला मागचा अर्धा, होता. डिकीचं झाकण, चाकांच्या चार चकचकीत टोप्या, मागची काच, सगळं होतं.

दोन आकड्यांपुढं खूण होईना. एकतीस आणि सतरा.

तिनं कागदावर बोट नेलं. एकतीस: मागची सीट. सतरा: चालकाच्या डोक्यावरचा आतला आरसा.

सैन्याच्या ज्या गाडीला मागं बसायला जागाच नव्हती, तिच्यात तिच्या वडिलांनी मागची सीट बसवली होती.

५

"हो, याच दोन," डेस्मंड फोनवर म्हणाला. "हौद्यात घरगुती सीट, आणि समोर आतला आरसा. मी म्हटलं, अरे बाबा, मागं ताडपत्री, आरशात दिसणार काय? मुकाट्यानं काढ, नाहीतर पहिला नंबर जाईल. तर हसला. म्हणाला, डेस्मंड, मागची सीट काढली तर मागं बघायचं कुणाकडं? म्हातारपणाचं हे असं. मी वाद घातला नाही. म्हणजे, अर्धाच तास घातला."

इडवल आपल्या दुकानात खोक्यांच्या भिंतीमागं सँडविच खात होता. हेस्टरनं आडवळण घेतलं नाही.

"त्या दिवशी पिशवीत काय होतं?"

"पँट," इडवल म्हणाला.

"नीट सांगा."

"नीटच सांगतोय. मोटरसायकलवरून आलो, वाटेत भिजलो, शेजारच्या चर्चच्या संडासात कपडे बदलले. पिशवीत ओली पँट होती. दफनाच्या चहाला कुणी ओल्या पँटची गोष्ट काढतं का? खाली ठेवली असती तर गालिचा भिजला असता. तुझ्या आईचा गालिचा तो." त्यानं हात झटकले. "आणि टब मी उचललाच नाही. झाकलेलं अर्धवट काम मालकाशिवाय उघडायचं नाही, ही आमच्यातली रीत आहे. डेस्मंडनं उघडलं असेल तर तो अध्यक्ष आहे, त्याला सगळं माफ."

हेस्टर गप्प राहिली. गप्प राहिलं की माणसं बोलतात, हे तिला चरित्रग्रंथांनी शिकवलं होतं.

"एक सांगू का?" इडवल म्हणाला. "ऑगस्टमध्ये क्लाइव्ह इथं आला होता. बसलेली मुलगी आहे का विचारत होता. चोविसाव्या हिश्श्याची, त्या गाडीच्या मापाची. मी म्हटलं, सैन्यातली ड्रायव्हर आहे, टोपीवाली. तर म्हणाला, सैन्यातली नको, नऊदहा वर्षांची हवी, मान खाली घातलेली. अशी कुठून आणू? माझ्याकडं सगळे शिपाई. लढाईच्या किटात पोरं कोण घालतं?"

"मग त्यानं काय केलं?"

"काही नाही. 'बघतो' म्हणाला." इडवलनं तिच्याकडं नीट पाहिलं. "पोरी, तुला बसायला देऊ का काही?"

६

शनिवारी चॅपलच्या हॉलमध्ये लांब टेबलांवर विमानं, जहाजं, रणगाडे मांडले होते आणि त्यांच्याभोवती म्हातारे पाठीमागं हात बांधून वाकून फिरत होते. चौथ्या टेबलावर तीन टिली होत्या. डेस्मंडची, इडवलची, बेरिलची. चौथ्या जागी रिकामा लाकडी चौथरा आणि क्लाइव्ह पार्डोच्या नावाची पट्टी.

हेस्टरनं पिशवीतून वडिलांचा दात तपासायचा छोटा आरसा काढला. वडिलांची टिली दुसऱ्याच्या नावाखाली इथंच उभी असेल, असा तिचा कयास होता. लपवायची वस्तू सारख्याच वस्तूंत लपवावी, हे कुठल्याही वाचणाऱ्याला सुचलं असतं. तिनं ताडपत्रीच्या मागच्या फटीतून आरसा आत सरकवला. एकीत. दुसरीत. तिसरीत.

तिन्ही हौदे रिकामे होते.

"सीट उपटून काढता येते," डेस्मंड तिच्या खांद्यावरून म्हणाला. "तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही."

"मग ताडपत्री?" हेस्टर म्हणाली. "ती कशाची करतात?"

"टिश्यू पेपरची. पाणी घातलेल्या डिंकात बुडवून. तिघांचीही तीच आहे, बघ, गुळगुळीत. खऱ्या कापडासारखी वीण तिला येत नाही. क्लाइव्ह म्हणायचा, मला वीण सापडलीय, पण कशात ते सांगायचा नाही. ताकास तूर लागू देईल तर शपथ."

वीण. हेस्टरच्या डोळ्यांसमोर वडिलांच्या फळीवरची मुरब्ब्याची बरणी आली. वाळलेल्या फुलांनी गच्च भरलेली. शोभेच्या झाडांची पानं करायला ठेवली असतील, असं समजून ती तिनं बाजूला सारली होती. कॅमोमाइलची फुलं होती ती. त्यानं तिच्या चहाचा एक घोटही घेतला नव्हता. पुड्या कापल्या, फुलं ओतून ठेवली आणि रेशमासारख्या बारीक विणीची जाळी तेवढी घेतली. फार कामाचा आहे.

म्हणजे या तिन्हींत त्याची नव्हती. जिनं इथं यायचं ती इथं आलेलीच नव्हती. कुणी पैशासाठी नेली असती तर ती इडवलच्या वाटेनं बाजारात गेली असती. कुणी नंबरासाठी नेली असती तर ती या टेबलावर असती. जिथं कुणी बघणार नाही अशा जागी ती कुणीतरी नुसती ठेवली होती. जपून.

"केक खाणार ना?" मागून एक बाई म्हणाली. चहाच्या टेबलावर बेरिलचा लिंबाचा केक होता, फुलाफुलांच्या पत्र्याच्या डब्यात. "खा, पण डबा जपा हं. बेरिलचा आहे. बुडाला नाव आहे."

हेस्टरचा हात हवेतच राहिला.

मयताच्या घरी नेलेला डबा त्याच दिवशी कुणी परत आणत नाही. तो तिथं ठेवायचा असतो. महिन्यानं घरच्यांनी तो धुऊन परत द्यायला यायचं, त्या निमित्तानं दार उघडायचं, दोन शब्द बोलायचे. त्यासाठीच तर बुडाला नाव असतं. हेस्टरच्या ओट्यावर असे चार डबे उभे होते. आणि बेरिलचा केक निळ्या बशीत होता. अर्ध्याहून जास्त उरलेला, फॉइलखाली. सत्तर वर्षांच्या बाईनं, जिला ही रीत तिच्या आईनं शिकवली होती, मयताच्या घरी आपला केक उपसून बशीत ठेवला होता आणि डबा घरी नेला होता.

वीतभर गाडी मावेल एवढा डबा.

७

हॉलमागच्या स्वयंपाकघरात बेरिल कप विसळत होती. हेस्टरनं दार लावून घेतलं.

"तुम्ही मला खोटं नाही सांगितलंत," हेस्टर म्हणाली. "नेताना कुणालाही पाहिलं नाही. स्वतःला कसं पाहणार?"

बेरिलनं नळ बंद केला. "किती वेळ लावलास गं. पुस्तकं वाचणारी म्हणे."

"मुलगी तुम्ही केलीत. इडवलकडं नव्हती, या क्लबात माणसं दुसरं कुणी करत नाही. एकच काम राहिलंय असं डॅड म्हणाला होता. ते हेच. मुलगी वेळेवर झाली नाही."

"मान जमेना," बेरिल म्हणाली. "दोनदा मोडली. पुस्तकात खुपसलेली मान हवी होती त्याला, पण उदास नको. मी गुरुवारी घेऊन येते म्हणाले. तो बुधवारी गेला." तिनं हात पुसले, पण ते ओलेच असल्यासारखी पुसतच राहिली. "दफनाच्या दिवशी मुलगी माझ्या पर्समध्ये होती. म्हटलं, वर जाऊन गुपचूप बसवून येईन, काम पुरं होईल. आणि स्वयंपाकघरात तू इडवलला म्हणालीस, सगळं घेऊन जा."

हेस्टरनं एक विसळलेला कप उपडा ठेवला.

"मग मी गाडीच नेली आणि मुलगी घरी बसवली. चोरी म्हण हवं तर."

"फोनवर का नाही सांगितलंत?"

"विचारलं ना मी तुला, कशाला हवीय म्हणून! यादीला हवी होती तुला. यादीला द्यायला नेली नव्हती मी." बेरिल खुर्चीवर बसली. "क्लाइव्हला म्हटलं होतं मी, अरे, नाताळला दे ना तिला, रंगीत कागदात बांधून. म्हणाला, नको. हातात दिली तर 'छान आहे, डॅड' म्हणेल आणि ठेवून देईल. ती चांगली मुलगी आहे. तिला आपण होऊन बघावंसं वाटेल तेव्हा येईल वर. घाई नाही. असं म्हणाला. घाई नाही! ब्याऐंशी टक्के बंद पडलेलं हृदय घेऊन."

हेस्टरनं बोलायला तोंड उघडलं. 'ती माझ्या वडिलांची वस्तू आहे' हे वाक्य तयार होतं, ते तिनं गिळलं. दुसरं येईना. तिनं दोन्ही हात नुसते पुढं केले, ओंजळीसारखे.

बेरिलनं त्या हातांकडं बराच वेळ पाहिलं. मग वरच्या फळीवरून, साखरेच्या पिशव्यांमागून, दुसरा एक पत्र्याचा डबा उतरवला.

"चालेल," ती म्हणाली. "मला हात चालतील. पण त्याला तोंडानं सांग कधीतरी. आणि डबा परत आणून दे. धुऊन. रीत असते."

८

त्याच दुपारी हेस्टर तेरा पायऱ्या चढली. टब बाजूला केला आणि चिखलाच्या चार ठिपक्यांवर टिलीची चार चाकं बरोबर टेकवली.

मळकट हिरवी गाडी. मडगार्डच्या कडा काळोखात दिसाव्यात म्हणून पांढऱ्या केलेल्या, टपावर स्टेपनी. ताडपत्री अगदी खऱ्या कापडाची वाटत होती, दोऱ्यादोऱ्याची. तिनं दिवा लावला, भिंग ओढलं, फटीतून दातांचा आरसा आत सरकवला.

फळ्यांच्या हौद्यात घरगुती गाडीची तपकिरी सीट होती. सीटवर पाय दुमडून बसलेली मुलगी, एक मोजा घसरलेला, मांडीवर पुस्तक. रस्ता कुठला, लढाई कुठली, तिला पत्ता नव्हता.

हेस्टरनं आरसा जरा वळवला. पुढं चालकाच्या डोक्यावर तांदळाएवढा आतला आरसा होता, थोडा खाली कललेला. ताडपत्रीवर नव्हे, सीटवर. चालकाच्या जागी कुणी नव्हतं. पण त्या जागेवरून त्या आरशात पाहिलं तर काय दिसेल हे तिला आता मोजूनमापून सांगता आलं असतं.

लहानपणी दर प्रदर्शनाला तो तिला घेऊन जायचा. दोन-दोन तासांचा रस्ता. ती मागं बसून वाचायची आणि एकदाही मान वर करायची नाही. समोरच्या आरशात कुणी बघत असेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

डेस्मंडच्या हिशेबानं दोन चुका. हेस्टरनं कागद पुढं ओढला आणि एकतीस आणि सतरा या आकड्यांपुढं पेन्सिलीनं खुणा केल्या.

टेबलाखाली दुसरं एक स्टूल होतं. बुटकं, बसून न झिजलेलं. ते किती वर्षांपासून तिथं होतं कोण जाणे. तिनं ते बाहेर ओढलं, त्याच्या मोठ्या स्टुलाला खेटून ठेवलं आणि त्यावर बसली. डेस्मंडनं धुतलेले ब्रश पेल्यात केस वर करून सरळ उभे होते.

"डॅड," हेस्टर मोठ्यानं म्हणाली. आवाज फुटला, तो तिनं फुटू दिला. "आले मी वर. दाखव ना मला. पहिल्यापासून दाखव, पहिला तुकडा कुठला कापलास इथपासून. मला बघायचंय. मला आज कुठंच जायचं नाहीये."